जुलै १९१४ ची जबाबदारी

पहिले महायुद्ध कोणामुळे झाले, असे विचारले की आपल्याकडे शाळेपासून पाठ असलेले उत्तर येते. साम्राज्यवाद, आक्रमक राष्ट्रवाद, गुप्त करार, शस्त्रास्त्रस्पर्धा आणि शेवटी ‘तात्कालिक कारण’ म्हणून ऑस्ट्रियाच्या युवराजाचा साराजेव्होतला खून. या यादीत माणूस एकच, तिथे गोळ्या झाडणारा एकोणीस वर्षांचा गाव्रिलो प्रिन्सिप. ज्यांच्या सह्यांनी फौजा हलल्या ते सगळे यादीबाहेर राहतात. चर्चा थोडी पुढे गेली की कोणीतरी म्हणते, टाळी एका हाताने वाजत नाही. युरोपातली ती सगळी राष्ट्रे एका माळेचे मणी. आपल्याला हे पटकन पटते, कारण त्या माळेतल्या एका मण्याने आपल्यावर दीडशे वर्षे राज्य केले. इंग्रजांनी दुसऱ्या कोणाला आक्रमक म्हणावे यातला दांभिकपणा आपल्याला लगेच दिसतो, आणि तो दिसायलाच हवा.

पण इंग्रजांचे साम्राज्य अन्यायी होते एवढ्यावरून १९१४ चे युद्ध सगळ्यांनी मिळून सुरू केले असे ठरत नाही. ते युद्ध व्हिएन्ना आणि बर्लिन इथल्या, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरी आणि जर्मनीच्या राजधान्यांतल्या, मोजक्या माणसांनी, काय होऊ शकते हे पुरते ठाऊक असताना, ओढवून आणले असे माझे मत आहे. इतर राजधान्यांमध्ये चुका झाल्या, काही फार गंभीर होत्या, पण त्या या दोघांच्या बरोबरीने तराजूत घालता येत नाहीत. तितक्याच ठामपणे मला असेही वाटते की व्हर्सायच्या तहाने हा दोष ज्या रीतीने अख्ख्या जर्मनीच्या कपाळी मारला, ती रीत चूक होती. ही दोन्ही मते एकाच वेळी धरता येतात. व्हर्साय अन्यायकारक होते म्हणून बर्लिन निर्दोष होते, असा जो उलटा हिशेब शंभर वर्षे चालला आहे, त्याला माझा विरोध आहे.

निवाडा करायला एक साधी कसोटी पुरते. त्या पाच आठवड्यांत युद्ध टाळायची वाट कोणाकोणासमोर उघडी होती, आणि ती उघडी आहे हे कळत असून कोणी बंद केली?

खुनानंतर दोन दिवसांनी, ३० जूनला, व्हिएन्नातला जर्मन राजदूत चिर्श्की याने बर्लिनला अहवाल धाडला. सर्बियाचा एकदाचा हिशेब चुकता करायचा अशी भाषा इथे ऐकू येते, आणि घाईची पावले उचलू नका असे आपण इथल्या लोकांना शांतपणे पण ठासून सांगत आहोत, असे त्याने कळवले. राजदूताने जे करायचे तेच तो करत होता. जर्मनीचा सम्राट, कैसर विल्हेल्म, याला सरकारी कागदांच्या समासात शेरे मारायची सवय होती. या अहवालावर त्याने लिहिले, ‘त्याला हा अधिकार कोणी दिला? हा निव्वळ मूर्खपणा आहे.’ दुसरा शेरा त्याहून बोलका आहे: ‘आता नाही तर कधीच नाही.’ राजदूताची कानउघाडणी झाली आणि त्याचा सूर पालटला. शांत राहा म्हणणारा जर्मन आवाज व्हिएन्नात पहिल्याच आठवड्यात बंद झाला, तो असा.

५ जुलैला ऑस्ट्रियाच्या परराष्ट्र खात्यातला काउंट होयोस सम्राट फ्रान्झ जोसेफचे पत्र घेऊन बर्लिनला आला. त्या दुपारी पॉट्सडॅमच्या राजवाड्यात ऑस्ट्रियाच्या राजदूताबरोबर जेवताना कैसरने शब्द दिला: सर्बियावर चाल करा, रशिया मध्ये पडला तरी जर्मनी तुमच्या पाठीशी आहे. दुसऱ्या दिवशी चान्सलर बेथमान-होल्वेगने तो शब्द पक्का केला. यालाच इतिहासात ‘कोरा चेक’ म्हणतात. रशियाशी युद्ध म्हणजे फ्रान्सशी युद्ध, हे बर्लिनमध्ये सगळ्यांना माहीत होते, कारण त्यांची लष्करी योजनाच मुळी आधी फ्रान्सवर तुटून पडण्याची होती. चेक देऊन कैसर नॉर्वेच्या जलसफरीला निघून गेला, जणू काही विशेष घडलेच नाही अशा थाटात. राज्यकर्त्यांची सुटी चालू आहे असे जगाला दिसावे, हे त्या वेळी बर्लिनच्या सोयीचेच होते.

पुढचे दोन आठवडे व्हिएन्नाचे आहेत. ७ जुलैच्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत हंगेरीचा पंतप्रधान काउंट टिसा सोडून बाकीच्यांचे एकमत होते: नुसत्या मुत्सद्दी विजयाला, मग तो कितीही मोठा असो, काही किंमत नाही, सर्बियाकडे अशाच मागण्या करायच्या की त्या नाकारल्याच जातील. हे त्यांच्याच इतिवृत्तात नोंदलेले आहे. टिसाने आठवडाभर तग धरला आणि १४ जुलैला तोही वळला. त्याच सुमारास, १३ जुलैला, साराजेव्होला चौकशीसाठी पाठवलेल्या वीस्नर नावाच्या अधिकाऱ्याची तार आली होती. सर्बियाचे काही लष्करी आणि सीमेवरचे अधिकारी कटात सामील होते याचे पुरावे त्याला मिळाले. सर्बियाच्या सरकारचा हात होता असे दाखवणारे काहीच मिळाले नाही. ज्यांना न्याय हवा असतो ते अशी तार आल्यावर थांबतात. व्हिएन्नाने ती बाजूला ठेवली.

तरीही खलिता २३ जुलैपर्यंत गेला नाही, आणि या उशिराची कारणे फार बोलकी आहेत. एक तर बरेच सैनिक सुगीच्या रजेवर शेतात होते. दुसरे म्हणजे फ्रान्सचा अध्यक्ष पोंकारे त्या दिवसांत सेंट पीटर्सबर्गच्या भेटीवर होता. तो तिथे असताना खलिता दिला तर फ्रान्स आणि रशिया तिथल्या तिथे बसून विचारविनिमय करतील, म्हणून त्याचे जहाज बंदर सोडेपर्यंत थांबायचे ठरले. इतके घड्याळ लावून केलेल्या कामाला ‘नकळत घसरत गेले’ म्हणता येत नाही.

निर्वाणीचा खलिता ४८ तासांचा होता. दहा मागण्यांपैकी सहावी अशी, की सर्बियाच्या हद्दीत होणाऱ्या न्यायालयीन चौकशीत ऑस्ट्रियाचे अधिकारी सहभागी होतील. एका स्वतंत्र राज्याने दुसऱ्या स्वतंत्र राज्याला इतका भयंकर कागद दिलेला आपण कधी पाहिला नव्हता, असे इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे म्हणाला. २५ तारखेला संध्याकाळी सहाला काही मिनिटे उरली असताना सर्बियाचा पंतप्रधान निकोला पाशिच स्वतः उत्तर घेऊन ऑस्ट्रियाच्या वकिलातीत गेला. ऑस्ट्रियाचा तिथला प्रतिनिधी बॅरन गीझल याचे सामान आधीच बांधलेले होते. त्याने उत्तरावरून एक नजर फिरवली, तयार ठेवलेल्या संबंधविच्छेदाच्या पत्रावर सही केली आणि साडेसहाची गाडी पकडून बेलग्रेड सोडले. ज्या उत्तरावर युरोपचे भवितव्य अवलंबून होते ते नीट वाचायलाही त्याने वेळ घेतला नाही, कारण ते काय असेल याने व्हिएन्नाला काही फरक पडणार नव्हता.

ते उत्तर चलाखीने लिहिलेले होते, हे खरे. बऱ्याच मागण्या मान्य करताना त्यात पळवाटा ठेवल्या होत्या, सहावी मागणी सरळ नाकारली होती, आणि उत्तर द्यायच्या आधीच त्या दुपारी सर्बियाने सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम काढला होता. पण त्यातच असेही म्हटले होते की तुमचे समाधान झाले नसेल तर हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाकडे किंवा बड्या राष्ट्रांकडे सोपवू. माझ्या कसोटीला लागते ते हे वाक्य.

त्या उत्तराची प्रत सफरीवरून परतलेल्या कैसरच्या हाती २८ जुलैच्या सकाळी पडली. त्याने पुन्हा समासात लिहिले. अवघ्या ४८ तासांच्या मुदतीत दिलेले हे उत्तर उत्तम आहे, हा व्हिएन्नाचा मोठा नैतिक विजय आहे, आणि ‘याने युद्धाचे प्रत्येक कारण नाहीसे होते’. गीझलने बेलग्रेडला शांतपणे राहायला हवे होते. महिन्याभरापूर्वी ‘आता नाही तर कधीच नाही’ लिहिणारा हाच माणूस! हमी म्हणून ऑस्ट्रियाने बेलग्रेडपुरते सैन्य नेऊन थांबावे आणि वाटाघाटी कराव्यात, असे त्याने सुचवले. मी वाटेबद्दल बोलतो आहे ती ही. खुद्द जर्मन सम्राटाने ती दाखवली होती. बेथमानने काय केले? संध्याकाळी व्हिएन्नाला तार पाठवताना त्याने युद्धाचे कारण उरले नाही हे कैसरचे मुख्य म्हणणेच वगळले, आणि आपण ऑस्ट्रियाला मागे ओढतो आहोत असा समज होऊ देऊ नका अशी राजदूताला ताकीद दिली. तोवर व्हिएन्नाने साध्या तारेने युद्ध पुकारलेही होते. बेलग्रेडवर तोफा सुरू व्हायला रात्रही पुरी उलटली नाही.

याच्या आदल्या दोन दिवसांत ग्रेने लंडनमध्ये इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी आणि इटलीच्या प्रतिनिधींची परिषद सुचवली होती. दोनच वर्षांपूर्वी बाल्कन युद्धाच्या वेळी अशाच परिषदेने मोठे युद्ध टळले होते. बर्लिनने या वेळी ती नाकारली.

इथे बहुतेक वाचक रशियाचे नाव घेतील, आणि त्यात तथ्य आहे. रशियाने २६ जुलैपासून युद्धपूर्व तयारीचे आदेश अमलात आणले आणि ३० जुलैला, सगळ्या बड्या राष्ट्रांच्या आधी, सार्वत्रिक जमवाजमव जाहीर केली. झार निकोलसने आदल्या रात्री तो हुकूम मागे घेतला होता. सेनाप्रमुख यानुश्केविच इतका अधीर होता की, एकदा झारची परवानगी मिळाली की मी माझा टेलिफोन फोडून टाकीन, म्हणजे पुन्हा कोणी हुकूम रद्द करायला मला गाठू शकणार नाही, असे तो परराष्ट्रमंत्री साझोनोव्हला म्हणाला. हा बेजबाबदारपणा लहान नाही. ऑस्ट्रेलियन इतिहासकार ख्रिस्तोफर क्लार्क यांनी २०१२ पासून रशिया, सर्बिया आणि फ्रान्सकडे जे लक्ष वेधले, त्यामुळे चित्र अधिक पुरे झाले हे मी मान्य करतो. त्यातून दोष समसमान वाटला जातो, हे मात्र मला मान्य नाही.

कारण रशियाची फौज आपल्या हद्दीत आठवडेच्या आठवडे उभी राहू शकत होती. वाटाघाटी चालू आहेत तोवर माझे सैन्य काही आगळीक करणार नाही, असा शब्द झारने ३१ जुलैला विल्हेल्मला तारेने दिला. त्याआधी, २९ तारखेला, ऑस्ट्रिया-सर्बियाचा वाद हेगला नेऊ या असेही त्याने सुचवले होते. जर्मनीत तसे नव्हते. जर्मन योजनेत जमवाजमव आणि युद्ध यांत फटच नव्हती. जमवाजमवीच्या पहिल्या काही दिवसांतच बेल्जियममधले लीएज घ्यायचे होते. म्हणजे रशियाने पूर्वेला काहीही केले तरी पहिला घाव पश्चिमेकडे, ज्याचा या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता अशा तटस्थ बेल्जियमवर बसणार होता. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या तहात जर्मनीचा गाभा असलेल्या प्रशियानेही दिलेली होती. आणि बेल्जियमला द्यायच्या निर्वाणीच्या खलित्याचा मसुदा जर्मन सेनाप्रमुख मोल्टकेने कधी लिहिला? २६ जुलैला. रशियाच्या सार्वत्रिक जमवाजमवीच्या चार दिवस आधी. २९ ला तो मोहोरबंद लखोट्यात ब्रसेल्सला रवानाही झाला. त्याच रात्री बेथमान इंग्लंडच्या राजदूताला विचारत होता, की आम्ही फ्रान्सचा युरोपातला मुलूख गिळंकृत करणार नाही असे वचन दिले तर तुम्ही तटस्थ राहाल का? स्वसंरक्षणासाठी नाइलाजाने उतरणारा माणूस शेजाऱ्याच्या जमिनीचा सौदा आधी करत नाही.

त्या रात्री, इंग्लंड अलिप्त राहीलच असे धरू नका, हा ग्रेचा इशारा लंडनहून येऊन पोचला तेव्हा बेथमान हादरला आणि व्हिएन्नाला आवरायचा त्याने पहिल्यांदा खरा प्रयत्न केला, याची नोंद करायला हवी. पण दुसऱ्या दिवशी मोल्टकेने ऑस्ट्रियाच्या सेनाप्रमुखाला परस्पर तार करून रशियाविरुद्ध लगेच जमवाजमव करा असे सांगितले. बर्लिनमध्ये राज्य कोणाचे, मोल्टकेचे की बेथमानचे, असे ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री बेर्खटोल्ड विचारता झाला. पुढे रशियाचा हुकूम निघाला आणि बर्लिनला हवे होते ते निमित्त मिळाले. कैसरच्या निकटचा नौदल अधिकारी म्युलर याने १ ऑगस्टला रोजनिशीत लिहिले की वातावरण झकास आहे, आपल्यावर हल्ला झाला असे दाखवण्यात सरकार फार छान यशस्वी झाले. हे शत्रूचे आरोप नाहीत. जर्मन अधिकाऱ्याने जर्मन भाषेत, स्वतःपुरते लिहिलेले आहे.

सर्बियाच्या लष्करी हेरखात्याचा प्रमुख, ‘आपिस’ या नावाने ओळखला जाणारा कर्नल दिमित्रियेविच, याच्या माणसांनी प्रिन्सिप आणि त्याच्या साथीदारांना पिस्तुले, बाँब दिले आणि सीमेपार पोचवले. सर्बियाचे सरकार आपल्याच लष्करातल्या या टोळीला वचकून होते. हा सर्बियाचा गुन्हा आहे आणि २०१५ मध्ये बेलग्रेडला प्रिन्सिपचा पुतळा उभारून तो धुऊन निघत नाही. पण त्या गुन्ह्याची शिक्षा खुनी आणि त्यांचे सूत्रधार यांना व्हायची होती. फ्रान्सने रशियाला सबुरीचा सल्ला पुरेशा जोराने दिला नाही. ग्रे आपली भूमिका वेळेवर स्पष्ट बोलला नाही. यापुढे या दोघांबद्दल मला फारसे म्हणायचे नाही. वाट दाखवायला उशीर करणारा आणि वाट अडवणारा यांना मी एका रांगेत बसवत नाही.

जर्मनीच्या बाजूने सगळ्यात वजनदार युक्तिवाद भीतीचा आहे. रशियाचे लोहमार्ग आणि सैन्यविस्ताराचा कार्यक्रम १९१७ च्या सुमारास पुरा झाला की आपली योजना निकामी ठरेल, असे जर्मन सेनानींना वाटत होते. डिसेंबर १९१२ मध्ये कैसरपुढच्या बैठकीत मोल्टके म्हणाला होता, युद्ध अटळ आहे, तर जितके लवकर तितके बरे. जुलै १९१४ मध्ये परराष्ट्र सचिव यागो हाच सूर लंडनच्या राजदूताला लिहिलेल्या पत्रात लावतो. ही भीती मी खोटी म्हणत नाही. पण उद्या समोरचा बलवान होईल म्हणून आज मारून घ्यावे, हा विचार एकदा मान्य केला तर जगातले कुठलेही आक्रमण समर्थनीय ठरते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर रणगाडे घालताना मॉस्कोनेही घेरले जाण्याच्या भीतीचेच कारण पुढे केले होते, आणि तेव्हाही आपल्याकडच्या कितीतरी सुशिक्षित माणसांनी टाळी एका हाताने वाजत नाही असेच म्हटले.

मग ‘जर्मनी’ जबाबदार, असे म्हणावे का? इथे मी थांबतो. जर्मन राज्यघटनेप्रमाणे युद्ध पुकारायचा अधिकार कैसरचा होता. निवडून आलेल्या संसदेच्या, राइशस्टागच्या, हाती खर्चाची मंजुरी तेवढी. २८ जुलैला बर्लिनच्या रस्त्यांवर लाखभर कामगार युद्धाच्या विरोधात उतरले होते. लंडनमधला जर्मन राजदूत लिखनोव्स्की जीव तोडून बर्लिनला लिहीत होता की ग्रेचे म्हणणे ऐका. खुद्द बेथमानने ४ ऑगस्टला राइशस्टागपुढे कबूल केले की बेल्जियममध्ये आपण अन्याय करत आहोत. रशियाने आपल्यावर हल्ला केला, असे सरकारने सांगितले आणि समाजवाद्यांनीही त्या दिवशी युद्धखर्चाला मत दिले. ज्या प्रजेला विचारले नाही आणि ज्या प्रजेला फसवले, तिच्या माथी हे पाप मी मारणार नाही.

व्हर्सायने नेमके ते केले. २८ जून १९१९ ला, साराजेव्होच्या खुनाला बरोबर पाच वर्षे होत असताना, सही झालेल्या तहाचे २३१ वे कलम सांगते की जर्मनी आणि तिच्या दोस्तांनी लादलेल्या युद्धामुळे झालेल्या सगळ्या हानीची जबाबदारी जर्मनी स्वीकारते. ‘अपराध’ असा शब्द त्यात कुठे नाही. पुढच्या कलमांतल्या नुकसानभरपाईला कायद्याचा पाया हवा म्हणून अमेरिकन वकिलांनी ते रचले, आणि बेल्जियम व उत्तर फ्रान्सची जी राखरांगोळी झाली तिची भरपाई मागणे रास्तच होते. पण ज्यांनी निर्णय घेतले त्यांची नावे त्यात नव्हती. कैसर हॉलंडमध्ये सुखरूप राहिला. सही करायला आले ते नव्या प्रजासत्ताकाचे प्रतिनिधी, ज्यांचा त्या जुलैशी संबंध नव्हता. बंद दाराआड ठरलेला निष्कर्ष त्यांच्यापुढे ठेवला, पुराव्यांची छाननी झाली नाही, बचावाची संधी मिळाली नाही. अशा रीतीने सांगितलेली खरी गोष्टसुद्धा माणसे खोटी ठरवतात.

या तहाखाली भारताचीही सही आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. भारतमंत्री एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी ती केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जालियनवाला बाग घडली होती. १९१४ मध्ये व्हाइसरॉय हार्डिंगने भारत युद्धात असल्याचे जाहीर केले तेव्हा इथे कोणाला विचारले नव्हते. टिळक मंडालेहून सुटून पुण्यात आले त्याला तेव्हा जेमतेम दीड-दोन महिने झाले होते. दहा लाखांहून अधिक भारतीय देशाबाहेर लढायला आणि राबायला गेले. पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरली आणि तिच्यातल्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी टायग्रिसकाठी कुट-अल-अमारामध्ये अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला. उपासमार झाली, आणि शरणागतीनंतरच्या तुर्की कैदेत कित्येक मेले. साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या गावांत अजून त्या काळच्या संगमरवरी पाट्या दिसतात: या गावातून इतकी माणसे महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले.

या माणसांना कुटला नेऊन सोडण्याची जबाबदारी बर्लिनवर ढकलता येत नाही. आणि इथे ब्रिटिश संसदेने एक गोष्ट नीट केली, ती सांगितली पाहिजे. युद्ध चालू असतानाच तिने मेसोपोटेमिया मोहिमेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. १९१७ च्या अहवालाने सेनापती निक्सन, सरसेनापती डफ आणि माजी व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर नावे घेऊन ठपका ठेवला, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनने राजीनामा दिला. शिक्षा फारशी कोणाला झाली नाही, हे दुःख आहेच. तरी साक्षी घेऊन, कागद तपासून, कोणत्या माणसाने कोणता हुकूम दिला हे लिहून काढता येते, आणि त्यासाठी अख्ख्या इंग्लंडला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागत नाही.

जर्मनीतही हे करू पाहणारी माणसे होती, आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. बव्हेरिया या जर्मन राज्याचा पंतप्रधान कुर्ट आयस्नर याने नोव्हेंबर १९१८ मध्येच आपल्या बर्लिनमधल्या वकिलातीचे जुलै १९१४ चे अहवाल छापले. सर्बियाला मान्य करता येणार नाहीत अशाच मागण्या केल्या जाणार आहेत, हे त्यात १८ जुलैलाच लिहिलेले होते. आयस्नरला देशद्रोही ठरवले गेले आणि फेब्रुवारी १९१९ मध्ये म्युनिकच्या रस्त्यात एका तरुण राष्ट्रवादी सरदारपुत्राने त्याला गोळ्या घातल्या. कार्ल काउट्स्कीने परराष्ट्र खात्याच्या दफ्तरातले कागद, कैसरच्या समासातल्या शेऱ्यांसकट, मार्च १९१९ पर्यंत संकलित केले. मंत्रिमंडळाने ते दाबून ठेवले. ते बाहेर आले तहावर सही होऊन गेल्यावर, वर्षाच्या अखेरीस. समाजवादी नेता एडुआर्ड बर्नस्टाइन पक्षाच्या वायमार अधिवेशनात उभा राहिला आणि सत्यानेच आपला फायदा होईल असे सांगू लागला, तेव्हा स्वपक्षीयांनीच त्याच्यावर आगपाखड केली.

नव्या प्रजासत्ताकाने मे १९१९ मध्ये हे सारे कागद स्वतःहून जगापुढे टाकायला हवे होते. हे कैसरने आणि त्याच्या सेनानींनी केले, आम्ही त्यांना हाकलून आलो आहोत, असे सांगायची ती वेळ होती. तसे केले असते तर भरपाई कमी झाली असती की नाही, कोण सांगणार. पण आपल्याच प्रजेला खरे कळले असते. त्याऐवजी परराष्ट्र खात्याने युद्धदोषाच्या आरोपाचा प्रतिवाद करायला खास विभाग उघडला, लेखक-संपादकांना पैसे पुरवले आणि दफ्तरातले निवडक कागद ४० खंडांत छापले. हे काम इतके यशस्वी झाले की १९३० च्या दशकापर्यंत इंग्लंड-अमेरिकेतही ‘सगळेच घसरत गेले’ हे सुशिक्षितांचे मत बनले. युद्धकाळातला ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यानेही तेच लिहिले. आपल्या पाठ्यपुस्तकांतली माणसांविना कारणे त्याच काळातल्या विचाराची लेकरे आहेत असे मला वाटते. आणि जर्मनीत या खोट्याच्या शेतात कोणाचे पीक आले ते वेगळे सांगायला नको.

संसदेची चौकशी समिती तिथेही नेमली होती. तिच्यासाठी हेर्मान कान्टोरोविच या कायदेपंडिताने जुलै १९१४ वर एक विस्तृत अहवाल तयार केला. फौजदारी वकिलासारखा त्याने एकेका निर्णयामागचा हेतू आणि जाणीव तपासली आणि मुख्य दोष ऑस्ट्रिया व जर्मनीच्या राज्यकर्त्यांचा असा निष्कर्ष काढला. परराष्ट्र खात्याने १९२० च्या दशकात तो छापू दिला नाही. १९३३ मध्ये नाझींनी त्याला नोकरीतून काढले आणि १९४० मध्ये तो इंग्लंडमध्ये वारला. १९६१ मध्ये हॅम्बुर्गच्या फ्रिट्झ फिशरने जर्मन दफ्तरांच्याच आधारे हाच प्रश्न पुन्हा उभा केला, तेव्हा ज्येष्ठ इतिहासकार त्याच्यावर तुटून पडले. १९६४ मध्ये त्याच्या अमेरिकेतल्या व्याख्यानांसाठी मंजूर झालेले पैसे सरकारी इशाऱ्यावरून काढून घेण्यात आले. फिशरची सगळी विधाने टिकली नाहीत. बर्लिनने कित्येक वर्षे आधीपासून हेच युद्ध आखले होते, हे मलाही पटत नाही. पण या वेळी वाद दाबला गेला नाही. अमेरिकन विद्यापीठांनी पैसे उभे केले, फिशर गेला, बोलला, आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी बाकीची दफ्तरे उघडली. त्यांच्यातल्याच इमानुएल गाइसने १९६७ मध्ये कान्टोरोविचचा अहवाल छापून काढला, आणि तोवर जर्मनीत त्यातल्या नावानिशी आरोपांवर भर वर्गात वाद घालणारी एक पिढी तयार झाली होती.